चुकीशेजारची सही

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही. एक कोरा कागद आणि बॉलपेन माझ्याकडे सरकवून म्हणाले, "सही कर."

"ॲग्रीमेंटवर?" मी विचारलं.

"ॲग्रीमेंट नंतर बघू. आधी नुसती सही. दोन-तीनदा कर."

त्याआधी घाटकोपर ते मुलुंड एजंटच्या मागे मी वणवण केली होती. आडनाव ऐकलं की ज्यांच्याकडे अचानक गावचा पुतण्या राहायला येणार असतो, असे घरमालक मला तोंडपाठ झाले होते. आईबाबा अकोल्याला, मी अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका ॲनिमेशन स्टुडिओत नोकरीला, आणि मुक्काम मैत्रिणीच्या हॉलमध्ये. सही मागणारा मालक हा पहिलाच. मी सह्या केल्या. काकांनी कागद खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवला, कागद अगदी नाकाजवळ धरला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडले, "घाई आहे, पण लबाडी नाही. ठेवूया हिला."

आतून बाईमाणसाचा आवाज आला, "भाजीत गूळ चालतो का विचारा आधी."

मला भाजीत गूळ अजिबात चालत नाही. "चालतो की," मी म्हणाले. लबाडी ओळखणाऱ्या माणसाला मारलेली माझी ती पहिली थाप, आणि ती त्यांना कळली नाही.

काकांनी सगळी नोकरी एका बँकेत काढली होती. चेकवरची सही आणि बँकेकडचा नमुना जुळतो का, हे बघणं त्यांचं काम. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण काम काही सुटलं नव्हतं. समोरच्या दारातली रांगोळी, इस्त्रीवाल्याने शर्टाच्या कॉलरवर टाकलेली खूण, डोशावरून फिरलेला पळीचा वळसा, सगळ्याला ते सहीच समजायचे. "माणूस बोलताना जपून बोलतो," ते म्हणत, "रेघ काढताना विसरतो." एकदा दुधाच्या बिलावरची रेघ बघून त्यांनी सांगितलं, दूधवाल्याच्या घरी काहीतरी बिनसलंय. दूधवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, सगळं झकास आहे. काकांचा त्याच्यावर विश्वास बसला नाही.

काकू शाळेत शिकवायच्या. बोलणं तिथलंच राहिलं होतं, एक घाव दोन तुकडे. त्यांच्या डोळ्यांचे पडदे म्हातारपणाने खराब होत चालले होते. कडेचं दिसायचं, मधलं पुसलेलं. समोरच्या माणसाला बघायचं तर त्यांना मान वळवून भलतीकडे बघावं लागायचं, कोंबडी दाणा बघते तसं. पहिला आठवडाभर मला वाटत होतं, बाई माझ्यावर रागावल्यात. एका डोळ्याची आशा डॉक्टरांनी सोडली होती. दुसऱ्यात इंजेक्शनं चालू होती. "आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू, पुढचं सांगता येत नाही," असं ते म्हणाले होते.

एकदा मेथी निवडताना काकू सहज बोलून गेल्या, "माझं तोंड कसं आहे ते मी विसरत चाललेय गं. आरशात नुसतं धुकं. बाकी सगळ्यांची तोंडं आठवतात, माझंच आठवत नाही."

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. काका पेपर वाचत होते. पेपर खाली झाला नाही, पण पानही उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते काकूंचा एक फोटो चांगला मोठा करून घेऊन आले. काकूंनी मान तिरकी करून तो पाहिला. "ढग छान आलाय," म्हणाल्या. तसंही काकूंना त्यांचा एकही फोटो कधी आवडला नव्हता. लग्नाच्या अल्बमपासून त्यांची तक्रार एकच, फोटोत मी दुसरीच कुणीतरी येते. काकांनी तो फोटो कपाटामागे सरकवला. मग त्या रविवारी मी हॉलमध्ये पेन-टॅब घेऊन बसले होते. एका खडूस सावकाराचं पात्र काढायचं होतं. पांढऱ्यावर काळ्या जाड रेघा, गालाची खळगी आणि भुवयांखालचा अंधार सगळा रेघांनीच भरलेला. काकू मागून चहा घेऊन आल्या आणि थबकल्या.

"हा माणूस रागावलाय का गं?"

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. त्यांना दिसलं होतं. फोटोतल्या मऊ छटांचा ढग होत होता, पण रेघ दिसत होती. स्वयंपाकघरात काकांच्या हातातून चमचा पडल्याचा आवाज आला.

पुढच्या रविवारी काकांकडे स्वतःचा टॅब होता. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्यासमोर येऊन बसले. "मॅडम, शिकवा," म्हणाले. मला वाटलं चेष्टा करतायत. पण नाही. रविवारी सकाळी शिकवणी चालू असेपर्यंत मी "मॅडम" आणि "तुम्ही". टॅब बंद झाला की लगेच, "अगं, दूध बघ, उतू जातंय, लक्ष कुठे असतं तुझं?"

मी म्हणाले, "काका, चित्र मी काढून देते ना. माझं रोजचंच काम आहे."

काढूनही दिलं. जीव ओतून दिलं, खोटं कशाला बोलू. काकूंनी ते टॅबवर मोठं करकरून, कडेच्या नजरेने इंचइंच पाहिलं. "सुंदर आहे," म्हणाल्या. "कोण आहे ही?"

त्यानंतर मी शिकवणीला मुकाट्याने बसले.

हॅचिंग म्हणजे सावली रंगाने न भरता रेघांनी भरायची. अंधार वाढला की रेघा दाट करायच्या, आणखी वाढला की त्यांच्यावर दुसऱ्या दिशेने रेघा टाकायच्या. आणि रेघ सपाट नको. गाल गोल असेल तर रेघेने गालावरून वळलं पाहिजे. हे मी सांगितल्यावर काका म्हणाले, "म्हणजे तोंडावरून हात फिरवायचा."

"अगदी तसंच."

ते उठले आणि सोफ्यावर बसलेल्या काकूंच्या गालावरून, कानापासून हनुवटीपर्यंत, बोटं फिरवायला लागले. डोळे मिटून. काकूंनी हात झटकला नाही, पण ऐकवलंच. "एवढ्या वर्षांत सुचलं नाही. आता मॅडमनी होमवर्क दिला म्हणून सुचलं!"

काकांनी सराव कुठे केला नाही ते विचारा. बाथरूमच्या टाइल्सवर वाफ जमली की तिथे रेघा. पेपरातल्या मंत्र्यांच्या गालांवर रेघा. फ्रिजमधला दुधीभोपळा एकदा मी बाहेर काढला तर त्याला बॉलपेनने एका बाजूने व्यवस्थित सावली दिलेली. "गोलाई समजून घेत होतो," म्हणाले. काकूंनी तो सोलून, गूळ घालून भाजी केली आणि मला वाढली. घाईघाईत काढलेल्या रेघेवर काकांचा विशेष राग. "खात्यात पैसे नसताना चेक फाडल्यासारखी रेघ आहे ही. परत येणार."

पण खरी पंचाईत अनडूची झाली. टॅबवर रेघ चुकली की एक बटण दाबायचं, रेघ गायब. मी मोठ्या कौतुकाने दाखवलं. काका गंभीर झाले.

"कुणाच्या परवानगीने?"

"परवानगी कसली काका, आपलीच रेघ."

"बँकेत खाडाखोड चालत नाही, मॅडम. चुकलं तर चुकलेलं दिसलं पाहिजे आणि शेजारी सही पाहिजे. ही चूक माझी, मला माहीत आहे, अशी."

आणि त्यांनी ते सुरू केलं. रेघ चुकली की ती तशीच ठेवायची आणि तिच्या शेजारी आपली छोटी सही करायची. एक वेटोळं, त्याला उजवीकडे गेलेली शेपटी, वर एक टिंब. सुरुवातीच्या चित्रांमध्ये चुका इतक्या की चित्रातल्या काकूंना कांजिण्या आल्यासारख्या वाटायच्या. मी खूप समजावलं. हसले, चिडले, एकदा त्यांच्या नकळत सह्या पुसूनही पाहिल्या. त्यांनी रात्रीच्या जेवणाला माझ्याशी अबोला धरला. सह्या परत आणल्या तेव्हा बोलले.

मेट्रोने ते उगाचच अंधेरीपर्यंत जाऊन परत यायचे. तोंडं बघायला. मोबाइलवर बोटाने हॅचिंग चालायचं. एकदा मी बरोबर होते. साकीनाक्याला एक धिप्पाड गडी चढला आणि समोर बसला. चांगल्या झुपकेदार मिशा. काका एकदा त्याच्याकडे, एकदा मोबाइलकडे. थोड्या वेळाने तो उठून आमच्यापुढे उभा राहिला.

"क्या काका, फोटो निकाल रहे क्या मेरा?"

मला वाटलं, वाट लागली. काकांनी शांतपणे मोबाइल त्याच्यापुढे धरला. रेघांच्या जाळीतून त्याचंच तोंड बघत होतं. नाकाशेजारी सह्याच सह्या.

"मेरा नाक इतना बडा है?"

"आपका नाक ठीक है," काका म्हणाले. "गलती मेरा है. इसलिए साइन किया है ना, ये देखो."

तो गडी एवढा हसला की डब्यातले लोक बघायला लागले. चित्र त्याने स्वतःच्या मोबाइलवर पाठवून घेतलं. उतरताना म्हणाला, "मूंछ एकदम कडक आया है, काका." तो आठवडाभर काकांनी ते वाक्य घरात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं, गॅस सिलिंडर घेऊन आलेल्यालासुद्धा.

रेघ सुधारत गेली, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. सह्या कमी होत गेल्या. पण काकूंचं उत्तर बदलेना. दर नव्या चित्रापुढे त्या मान तिरकी करत आणि सांगत, "बाई दिसते मला. नाक, डोळे, चमकी, तीळ, सगळं दिसतं. तीळ माझाच आहे. पण बाई दुसरी आहे."

मी काकांना आणखी एक युक्ती शिकवली. एकाच चित्राकडे फार वेळ बघितलं की चूक दिसेनाशी होते. मग चित्र फ्लिप करायचं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे, आरशात दिसावं तसं. एक डोळा वर गेला असेल, जबडा घसरला असेल, तर लगेच लक्षात येतं. काकांना हे भलतंच आवडलं. बँकेत ही सोय असती तर किती चोर पकडले असते, म्हणाले. चार रेघा काढायच्या की फ्लिप. पुन्हा चार रेघा, पुन्हा फ्लिप. काकूंचा छोटा आरसा खिशात घेऊन फिरायला लागले आणि पोळी गोल झालीय का तेही त्यात बघायला लागले.

मग तो रविवार आला. माझ्या टॅबवर कामासाठी तोच जुना सावकार उघडला होता. काकू जवळ आल्या, नेहमीसारखी मान वळवली, मग दुसऱ्या बाजूला वळवली.

"काय गं, तो रागावलेला माणूस कुठे गेला? आज कोरंच दिसतंय."

सावकार त्यांच्या पुढ्यातच होता. मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "तिने बंद केलाय तो." सफाईने म्हणाले. सह्या बघणाऱ्या माणसाला एवढं सरळ खोटं बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. काकू आत गेल्यावर त्यांनी टॅब उघडला.

"मॅडम, आता रविवार रविवार नको. रोज शिकवा."

मग रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी आम्ही बसलो. रेघ जाड केली. बारीक रेघांची जाळी काकूंना आता दिसणार नव्हती, म्हणून थोड्या रेघांत भागवायचं होतं. दहा रेघांचं काम एका रेघेने कसं करायचं, यावर आमची भांडणं व्हायची. डोळ्याखालची सुरकुती ठेवायची की काढायची, यावर तर काका माझ्यावर खेकसले. "ती माझ्यामुळे पडलीय. राहू दे." टॅबही लहान पडत होता. चित्र भिंतीएवढं हवं होतं. म्हणून ते एकटेच फ्लेक्सवाल्याकडे गेले.

फ्लेक्सवाल्याचा धंदा वाढदिवसांचा. नेते, दादा, भाऊ, त्यांच्याखाली गोलगोल फोटोंची रांग. त्याने काकांची फाइल उघडली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "खाली शुभेच्छुक कोण कोण टाकायचे?"

"शुभेच्छुक मी एकटाच आहे," काका म्हणाले. "पण नाव नको."

हे त्यांनीच मला सांगितलं, फ्लेक्सची गुंडाळी काखेत धरून. काकू शेजारी गेल्या होत्या. आम्ही दोघांनी सोफ्यावर चढून फ्लेक्स भिंतीवर लावला. मी खाली उतरून मागे सरले आणि बघितलं. चित्र छान होतं. माझ्यापेक्षा चांगलं होतं. मग माझी नजर हनुवटीशेजारच्या सहीवर गेली. वेटोळं होतं, टिंब होतं. शेपटी डावीकडे गेली होती.

मी चमकी बघितली. चमकी भलत्या नाकपुडीत. तीळ भलत्या गालावर.

"काका, फ्लिप केलेलं परत सरळ करायचं राहिलं."

त्यांनी खिशातला आरसा काढला, पाठमोरे झाले आणि आरशातून भिंतीकडे बघितलं. आरशात बायको बरोबर होती. त्यांनी आरसा परत खिशात टाकला.

"आख्ख्या नोकरीत नाही केली एवढी मोठी चूक. ती यायच्या आत काढ ते. लवकर काढ."

मी एक कोपरा सोडवला तेवढ्यात लॅच उघडलं. काकू आत आल्या. भिंतीवर काहीतरी मोठं आहे हे त्यांना कडेने जाणवलं असावं. त्यांनी मान वळवली. दोन पावलं पुढे आल्या. पुन्हा वळवली. मग त्यांचा डावा हात आपोआप वर गेला आणि डाव्या गालावरच्या तिळापाशी थांबला. समोरही तीळ त्याच बाजूला होता. कानामागून सुटलेली बट त्यांनी मागे सारली. कुणी आरशापुढे उभं राहून सारतं, तशी.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "मी केवढी म्हातारी झालेय!"

आम्ही दोघं हललो नाही.

"आणि केस एवढे पांढरे कधी झाले? कुणी सांगायचं नाही का मला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काका आणि मी त्यांना कायम समोरून बघत होतो. त्यांनी स्वतःला जन्मभर फक्त आरशात पाहिलं होतं. त्यांना आठवत होती ती आरशातली बाई, आणि आम्ही दर वेळी लोकांना दिसणारी बाई काढून त्यांना म्हणत होतो, ही घ्या तुम्ही. फोटोही त्यांना त्यामुळेच कधी आवडले नव्हते. मी काकांना हे कुजबुजत सांगायला गेले, पण ते ऐकत नव्हते. काकू हनुवटी वर करून, गाल फुगवून, स्वतःकडे बघत होत्या आणि काका काकूंकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, लपवायचं कशाला.

जरा वेळाने काकांनी ड्रॉवरमधून मार्कर काढला. "एवढी मोठी चूक आहे. सही तर करायला हवी."

"हात लावू नका माझ्या तोंडाला," काकू म्हणाल्या.

मार्कर परत ड्रॉवरमध्ये गेला.

आता मी मालाडला राहते. काकूंचा डोळा सुधारला नाही, पण बराचसा टिकून आहे, आणि डॉक्टर यालाच चांगली बातमी म्हणतात. काका दर वर्षी नवा फ्लेक्स करतात. "तोंड बदलतं ना तिचं, तिला कळायला नको?" असं त्यांचं म्हणणं. फ्लेक्सवाला आता शुभेच्छुक विचारत नाही, "उलटंच ना काका?" एवढंच विचारतो. दर वर्षी रेघ थोडी जाड होते आणि रेघा थोड्या कमी होतात.

गेल्या रविवारी मी गेले होते. काकूंना खाली हळदीकुंकवाला जायचं होतं. त्या फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या, केस सारखे केले आणि कपाळावर टिकली लावली. ती जराशी डावीकडे लागली. काका आतल्या खोलीत मला या वर्षीचं चित्र दाखवत होते. मोजक्याच रेघा, पण काकू अगदी समोर बसल्यात असं वाटत होतं. मी शिक्षिकेच्या नजरेने चूक शोधायला लागले आणि मला एक सापडली.

"काका, टिकली मधोमध नाहीये. आणि शेजारी सही करायची राहिली."

"मॅडम," ते म्हणाले, रविवारच होता, "ती तशीच लावते. सही चुकीला करायची असते."

हॉलमधून आवाज आला, "काय म्हणतायत गं ते?"

"काही नाही काकू. तुम्ही छान दिसताय म्हणतायत."

काकूंनी मान तिरकी करून भिंतीकडे एकदा नीट बघून घेतलं.

"ते मला दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि चपला घालून खाली गेल्या.